उरलेला लाल दोरा

आपल्या न्यायालयाचे आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष न्यायमूर्ती लेओपोल्दो, राजधानीहून सुधारणा मंडळातर्फे मुद्दाम आलेले इंजिनिअर इराला, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या देओग्रासियाबाई, आमच्या सगळ्यांच्या लाडक्या 'दोन्या', सर्वांना नमस्कार.

दोनच शब्द बोला, असं मला बजावलंय. अकरा वर्षं कारकून आणि पाच वर्षं प्रशासक राहिलेल्या माणसाला ते जमत नाही, हे बजावणाऱ्यालाही ठाऊक असणार.

एकतीस वर्षं दोन्यांनी या न्यायालयाच्या फाईली सुईदोऱ्याने शिवल्या, शेजारी थंडगार तेरेरेचा पेला ठेवून. साध्या खटल्याला पांढरा दोरा. आरोपी तुरुंगात असेल तर लाल. सुटल्याची पोच तुरुंगातून आली की मगच लाल काढून पांढरा घालायचा. कुठल्या कायद्यात आहे हे? कुठल्याच नाही. मी नवखा असताना विचारलं, तर म्हणाल्या, "अरे पोरा, कागदाआड माणूस बसलाय हे लांबून दिसायला नको?"

मग सुधारणा आली. यायलाच हवी होती, इंजिनिअरसाहेब, हे तोंडदेखलं बोलत नाही. नऊ-नऊ वर्षं खटले धूळ खात होते आणि खुर्चीखुर्चीत कुणाचा ना कुणाचा भाचा होता. मीसुद्धा मामांच्या चिठ्ठीवरच लागलो. मामा, हसू नका, सगळे बघताहेत! आपण प्रत्येक न्यायाधीशाचा कारकून काढून घेतला आणि सगळ्यांना एका दालनात बसवलं. महिन्याला किती फाईली उरकल्या, त्यावर जागा ठरल्या. जुलैत स्कॅनिंगसाठी दोरे कापले. कापले कुणी? दोन्यांनीच. आणि आता शिवायचं काम उरलं नाही म्हणून त्यांची जागा रद्द. रद्द जागांच्या त्या यादीवर सही माझी आहे.

कापलेले लाल दोरे त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले. एक्केचाळीस. संगणकाच्या यादीत कैदी चाळीस. डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"साहेब, एक दोरा उरतोय."

मी प्रशासक झाल्यापासून त्या मला साहेब म्हणतात. आदराने म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होतो.

"दोन्या, मशीन चुकत नाही. एखादा दोरा दोनदा कापला असेल तुम्ही."

"अहो, एकतीस वर्षं दोराच कापतेय. एक आणि दोन मला कळत नाही होय?"

मी घड्याळाकडे बघितलं. चार महिन्यांत त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी घड्याळाकडेच बघितलं. आज सांगताना लाज वाटते.

परवा त्यांनी स्वतः गोदामात बसून गठ्ठे उपसले. तेओफिलो ओवेलार, गुरं चोरल्याचा आरोप. फाईलीत सुटकेचा आदेश, जुलैचाच. आदेश झाला म्हणून मशीनने फाईल निकालात काढली आणि त्याचं नाव कैद्यांच्या यादीतून उडवलं. पण तो आदेश तुरुंगात नेऊन द्यायचा कुणी? पूर्वी न्यायाधीशांचा कारकून न्यायचा. आता कारकून सगळ्यांचा झाला होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. आज नोव्हेंबर आहे आणि ओवेलार अजून आतच आहे.

बंद झालेली फाईल उघडून आदेश पाठवायला न्यायालयाच्या अध्यक्षांची सही लागते. न्यायमूर्तीसाहेब, काल संध्याकाळी मी कागद आपल्या टेबलावर ठेवला. "समारंभ आटपू दे, सोमवारी बघू," आपण म्हणालात. आणि मी मान डोलावली. रात्रभर त्या मानेची मला चीड आली.

आता दोन्यांना मानपत्र द्यायचंय. मघाशी त्या माझ्या कानात म्हणाल्या, "पोरा, ते मानपत्र राहू दे. सही घे." इतक्या वर्षांनी पोरा म्हणाल्या. न्यायमूर्तीसाहेब, मानपत्राखाली तो कागद आहे. पेन शेजारीच ठेवलंय.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. बाहेर गरम चिपा आहेत, खाल्ल्याशिवाय जाऊ नका. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बाकीची चूक मात्र पोटात घालू नका. तिची माफी ओवेलारकडे मागायची आहे, मी इथूनच निघतोय.

आता साडेतीन वाजलेत. तुरुंगाचं कार्यालय पाचला बंद होतं.