मोज्याची परीक्षा

(बंदराजवळच्या वसाहतीतलं स्वयंपाकघर. कस्टमचा हवालदार आणि त्याची बायको. दाराशी मोज्या, हस्तिदंत हुंगून काढणारा कुत्रा.)

बायको : नापास? हा? काहीतरीच काय सांगताय.

हवालदार : अगं, खरंच. परदेशातून आलेल्या पाहुण्या बाईंनी स्वतःच्या हातानं हस्तिदंताचा तुकडा कॉफीच्या पोत्यांत लपवला. वास लागला की हा तिथंच बसतो. आज मोज्या सगळ्या रांगा फिरला, पण बसला कुठेच नाही. नाक गेलं म्हणायचं त्याचं. वय झालं.

बायको : काल माझ्या पिशवीच्या तळाशी चुरा झालेलं बिस्कीट होतं. ते याला अंगणातून कळलं.

हवालदार : बिस्किटाचं वेगळं असतं.

बायको : बरं. मग त्या काय म्हणाल्या?

हवालदार : काय म्हणणार? कुत्रा त्यांच्याच सरकारनं आपल्याला दिलेला. यानं पहिल्याच वर्षी इतके कंटेनर पकडून दिले, की हस्तिदंत चोरून नेणारी टोळी आपल्या बंदराकडे फिरकेनाशी झाली. आता माल त्यांच्या बंदरातून जातोय, म्हणून हा त्यांना परत हवा होता. पण नापास कुत्रा नेऊन करतात काय? राहील आपल्याकडे. खायला आहे का काही?

बायको : फारच खुशीत दिसताय.

हवालदार : मी? छे. वाईट वाटतंय.

बायको : ऐकलं ना मी. शीळ घालत जिना चढलात. आणि याच्याकडे बघा. फळीवरच्या चेंडूवरून नजर हलत नाही. हस्तिदंत सापडला तरच चेंडू, हे तुम्हीच शिकवलंत मला. न सापडता यानं कधी चेंडू मागितला नाही. आज का मागतोय?

हवालदार : सवय, दुसरं काय.

बायको : माझ्याकडे बघून सांगा.

हवालदार : तिसऱ्या रांगेत त्याची पावलं मंदावली. बसणार, तेवढ्यात मी दोरी ओढली. जराशी.

बायको : जराशी.

हवालदार : त्याची गादी उन्हात टाकताना काल डोळे कोण पुसत होतं?

बायको : मी रडेन नाहीतर नाचेन, तो माझा प्रश्न. आला त्या दिवशी मीच म्हटलं होतं, या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. पण तुम्ही तो फोटो बघून आला होतात ना, मेलेल्या हत्तिणीला खेटून उभं असलेलं पिल्लू? दोन दिवस धड जेवला नाहीत. हा कुत्रा त्या पिल्लासाठी आहे, आपल्याला घरात करमावं म्हणून नाही. वर त्याचंच नाक गेलं म्हणून सांगत सुटलात. त्याच्यासमोर तरी लाज वाटू द्या.

हवालदार : वाटतेय. म्हणून तर मघापासून त्याच्याकडे बघत नाहीये.

बायको : चेंडू द्या आधी त्याला. कमावलाय त्यानं. आणि बाई कुठे आहेत?

हवालदार : इकडेच यायच्यात. मोज्याला भेटून मग जाणार.

बायको : बरंच झालं. तुम्ही सांगता की मी सांगू?

हवालदार : नोकरीवर येईल गं.

बायको : आली तर मी एकाऐवजी दोन मशीनवर शिलाई करीन. दार वाजतंय. उठा.

पाहुण्या बाई : नमस्कार. सदर कुत्र्यास भेटण्याची अनुमती आहे ना?

बायको : या, बसा. किती छान बोलता आमची भाषा.

पाहुण्या बाई : दोन्ही सरकारांच्या बैठकांत शिकले. भाजी घेतानासुद्धा मी ठराव मांडते, असे लोक म्हणतात.

हवालदार : बाई, आधी माझं ऐका. मोज्या चुकला नाही. तिसरी रांग, भिंतीकडचं पोतं. तो बसतच होता. मी दोरी ओढली.

पाहुण्या बाई : पोते बरोबर आहे.

बायको : यांचं काय करायचं ते करा. पण त्याला नापास करू नका.

पाहुण्या बाई : यांचे काय करायचे, ते यांचे साहेब ठरवतील. हवालदार, तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगाल. उद्या परीक्षा पुन्हा होईल. दोरीविना.

हवालदार : सांगतो.

पाहुण्या बाई : आता माझी अडचण ऐका. हा डोळे उघडत नव्हता तेव्हापासून मी याला वाढवले. आज सकाळी मी त्याला आमच्या भाषेत 'शोध' म्हटले. त्याने जांभई दिली.

बायको : अगं बाई.

पाहुण्या बाई : आता त्याला तुमचीच भाषा कळते आणि यांचाच आवाज. करारात पिंजरा आहे, खाणे आहे, औषध आहे. हवालदार नाही. कोणाला सुचलेच नाही. म्हणून परीक्षेआधीच मी आमच्या कार्यालयास फोन केला, की कुत्र्याबरोबर सहा महिने याचा माणूसही मागून घ्या. ते म्हणाले, आधी कुत्रा पास होऊ दे.

हवालदार : म्हणजे मी दोरी ओढली नसती, तर...

बायको : तर आत्ता बॅग भरत बसला असतात. हुशार माणूस.

पाहुण्या बाई : आता तुमच्या साहेबांची संमती मिळेलच, असे नाही. तरी मी मागणार आहे.

बायको : मागा. महिनाभर ओरडतील, मग देतील. मी ओळखते त्यांना.

पाहुण्या बाई : आणि तुमचे काय? सहा महिने चालेल तुम्हाला?

बायको : यांच्याशिवाय चालेल. त्याच्याशिवाय बघावं लागेल. माझी एकच अट आहे. तिकडे यानं माल पकडला, की त्याच क्षणी मला फोन आला पाहिजे.

हवालदार : करीन की. सगळं सविस्तर सांगेन.

बायको : तुम्ही काही सांगू नका. फोन त्याच्या कानाला लावा. शाबास मी म्हणेन.