कामगार क्रमांक सात

वडगावच्या कचेरीत उताऱ्यासाठी बसलो होतो. बाकावर शेजारी पुण्याच्या कॉलेजातली एक मुलगी वही उघडून एका म्हातारीशी बोलत होती.

"मावशी, परदेशी कंपनी इथं आली, त्याबद्दल मनात येईल ते सांगा. मी मध्ये बोलणार नाही. सरांनी तसंच शिकवलंय."

"काय सांगू? माजा ल्योक शिदू तितं भट्टीवर व्हता. भट्टी फुटली, त्यात गेला."

मुलगी मान खाली घालून वहीत लिहू लागली.

"लिवलंस?"

"हो."

"वाच बरं."

"'कामगार क्रमांक सात भट्टीवर होता. भट्टी फुटली, त्यात गेला.'"

"सात कोन?"

"तुमचा शिदू. अभ्यासात खरं नाव लिहायचं नसतं, मावशी. तुम्हाला पुढं त्रास नको म्हणून."

"आता आनी कसला तरास? कंपनी म्हनती, शिदू नावाचा मानूस आमच्याकडं कदी न्हवताच. हजेरीत नाव न्हाई. म्हनून तर हितं खेटे घालते. तुज्या वहीत तरी त्येचं नाव ऱ्हाऊ दे, बाई."

"नियम आहे, मावशी. मला नाही बदलता येत."

"बरं. मग सातच ऱ्हाऊ दे. कंपनीनं त्येला नंबरबी दिला न्हवता."