बारा खुर्च्यांचं लाकूड

मुलगी: नाही बाबा, भास नव्हता. मी टेकून बसले आणि कट्‌कन आवाज आला. ही बघा चीर, पाठीच्या सांध्यापाशी. नख आत जातंय.

बाबा: लाकूड आहे. थोडंफार बोलणारच.

मुलगी: अकराला टेम्पो येतोय. प्रसूतिगृहात जायच्यात या खुर्च्या. दिवस भरलेल्या बायका बसणार त्यांच्यावर.

बाबा: एकीला चीर गेली तर बाराही जणींना का धारेवर धरतेस? ही ठेव, अकरा पाठव.

मुलगी: सगळं लाकूड तुमच्या त्याच लाकूडगिरणीतलं. कापून उरलेले, भट्टीत जाणारे तुकडे. ते जोडून खुर्च्या करायची अक्कल माझी. ‘कचऱ्याचं फर्निचर’ म्हणून लोक आधीच हसतात. त्यात एखादी बाई पडली तर?

बाबा: कचरा म्हणू नकोस. बत्तीस वर्षं उभा होतो मी त्या करवतीवर.

मुलगी: म्हणून तर निवड तुमच्यावर सोडली. बाबा, वाळलेल्या तुकड्यांवर खडूची खूण होती. तेच घेतलेत ना?

बाबा: जरा पाणी दे.

मुलगी: बाबा.

बाबा: खूण दिसली नाही.

मुलगी: पुसली गेली होती?

बाबा: नसेल गेली. मलाच दिसली नाही. सरळ रेघ मधेच वाकते, मधला भाग धुरकट होतो. सहा महिने झाले.

मुलगी: सहा महिने? आणि आईला?

बाबा: तिला सांगितलं असतं तर तुला कळायला कितीसा वेळ लागला असता?

मुलगी: मला कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाबा: गिरणी सुटल्यावर वर्षभर घरात मला एकच प्रश्न होता, चहा घेणार का. मग तू खुर्चीचं चित्र काढलेला कागद घेऊन आलीस. ‘बाबा, पाठीला कुठला तुकडा चालेल?’ तुला काय सांगणार होतो, की दुसरा कोणी बघ?

मुलगी: ...बसा. त्या खुर्चीवर नको, स्टुलावर बसा. आणि नीट आठवून सांगा. लाकूड आणायच्या दोन्ही खेपांना असंच झालं?

बाबा: पहिल्या खेपेला एकेक तुकडा हातात घेतला, गालाला लावला. ओलं लाकूड गार लागतं, जडही असतं. त्यात चूक नाही. दुसऱ्या खेपेला मुकादम घाई करत होता. त्याच्यासमोर गालाला लाकूड लावायची लाज वाटली. बघितल्यासारखं केलं आणि उचलले.

मुलगी: पहिल्या खेपेच्या पाच. म्हणजे सात खुर्च्यांची खात्री नाही.

बाबा: पाच पाठव मग.

मुलगी: त्याही आठ दिवस इथेच राहू देत. रोज आपण बसून बघू.

बाबा: अगं, पहिलंच मोठं काम हे. ते दुसऱ्याला देतील.

मुलगी: देऊ देत. थांबा, फोन लागतोय.

(ती भिंतीकडे तोंड करून बोलते.)

मुलगी: मेट्रनबाई, खुर्च्या आज येत नाहीत... नाही, टेम्पोचं काही नाही. काही लाकूड ओलं निघालंय. वजन पेलेल याची मला खात्री नाही... हो, चूक माझीच. महिना तरी लागेल... हो. कळतंय मला... बरं.

बाबा: काय म्हणाल्या?

मुलगी: सुपरिंटेंडेंटना विचारून कळवतात. आवाज बरा नव्हता.

बाबा: चूक माझी होती. तसं सांगायचं.

मुलगी: खुर्च्या माझ्या आहेत. टेम्पोवाल्यालाही आता नको म्हणून सांगते. तुम्ही शर्ट बदला. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय.

बाबा: आजच? आणि बरे होणार नाहीत म्हणाले तर?

मुलगी: तर तिथून गिरणीत जाऊ. सात खुर्च्यांचं लाकूड निवडायचंय. मुकादमाला मी बाहेर बोलण्यात गुंतवते, तुम्ही हवं तेवढं गालाला लावा.

बाबा: बरं. आईला इतक्यात काही सांगू नकोस मात्र.

मुलगी: ती मघापासून दाराबाहेर उभी आहे, बाबा. चपलाही घातल्यात तिने.