जेवणाच्या सुट्टीतली शांत गल्ली

खोली भाड्याने गेली तर एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मिळणार, म्हणून दलालाने गिऱ्हाइकाला नेमकं कारखान्यांच्या जेवणाच्या सुट्टीत आणलं. दारात दाढी करणारा न्हावी ऐकत होता.

“किती शांत गल्ली, बघा.”

“समोर काय आहे?”

“आधी चामड्याचा कारखाना होता, मग साबणाचा. आता छापखाना. चार भाषांची माणसं, पण कधी भांडण नाही.”

“ते कसं काय?”

“यंत्रं सुरू झाली की कुणाचं कुणाला ऐकूच येत नाही,” न्हावी मध्येच म्हणाला.

तेवढ्यात भोंगा झाला आणि भिंती थरथरू लागल्या.

“साहेब, रात्री अगदी शांत असतं हो.”

“छान. मी पत्र्याच्या पेट्या दिवसा विकतो, रात्री ठोकतो. घेतली खोली. खाली कोण राहतं?”

“आम्हीच,” दलाल म्हणाला.

दलालाला दलाली मिळाली. महिन्याभरात ती त्याने स्वतःसाठी नवी खोली शोधणाऱ्या दुसऱ्या दलालाला दिली.