आधी काटा तपासणाऱ्या शुभांगी मॅडम

मंचावर बसलेल्या सरांनो, शुभांगी मॅडमच्या घरच्या माणसांनो, कॉलेजातल्या पोरापोरींनो, आणि गावाकडून लेकरं घेऊन आलेल्या मायबापांनो.

माझं नाव नागनाथ. नायगाव तालुक्यातला. सध्या मोरबीला टाईलच्या कारखान्यात काम करून राहिलो. शाळा सातवीत सुटली. अशा हॉलमध्ये, अशा माईकवर मी कधी बोललो नाही. मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी पाळीवर होतो. गाडी बदलत बदलत लातूरला आलो. येताना सगळ्या रस्त्यानं काय बोलायचं ते जमवत होतो, आणि इथं फोटोला हार घातलेला बघितला आणि सगळं विस्कटलं. तरी बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी सर बोलले. मॅडमच्या कामाचं नाव त्यांनी सांगितलं. 'बालकांच्या कारक कौशल्य चाचण्यांची वैधता.' मला ते पाठ व्हायला लई दिवस लागले. मी एकदा मॅडमना म्हणालो, हे गावात कुणाला कळंल असं सांगा. मॅडम औशाच्या. त्यांचे वडील तिथं बाजारात मापाडी होते, काट्यावर धान्य मोजायचे. त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा काटा सरकारी माणूस येऊन तपासायचा. धान्य नाही, काटा. तसंच माझं काम. पोरांचे हातपाय कसे चालतात ते मोजायची चाचणी असते ना, ती बरोबर मोजते का, ते मी बघते."

एवढंच काम. पण त्या कामावर माझ्या पोराची शाळा टांगली होती. तेच सांगायला मी आलो.

माझा पोरगा माधव. तेव्हा त्याला पाच सरून सहावं लागलं होतं. गावात तपासणीवाले आले होते. हे मॅडमच्या आधीचे, दुसरेच कुणीतरी. पोरांना चेंडू झेलायला लावला, एका पायावर उभं केलं, डब्याच्या फटीतून नाणी टाकायला लावली, कात्री धरायला लावली. माधवचा नंबर लई खाली लागला. शाळेच्या हेडसरांनी माझ्या बायकोला, सुनीताला, बोलावून सांगितलं की ह्याला आपल्या शाळेत घेता येणार नाही. नांदेडला अशा मुलांची शाळा आहे, तिथं वसतिगृहात ठेवा.

सुनीतानं मला फोन केला. ती रडली नाही. म्हणाली, "पोरगं रात्री माझ्या पदराला धरून झोपतंय, ते वसतिगृहात कसं राहील ते तुमीच सांगा." मी मालकाला न सांगता निघालो. ते काम गेलं. माझी कामं तशीही जातच असतात.

मी गावात पोचलो आणि त्याच आठवड्यात मॅडम आल्या. सोबत इथलेच दोन विद्यार्थी होते. आज समोर बसलेत. मला वाटलं, आले आणखी तपासणीवाले. मी आडवा बोललो. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मी तुझ्या पोराला तपासायला नाही आले, त्याला तपासलं ज्यानं, त्या चाचणीला तपासायला आले. मला काही कळलं नाही. पण बसा म्हणालो.

आमच्या दारात आसपासची पोरं जमली. विद्यार्थी चाचणी घेत होते, मॅडम बाजूला बसून नुसत्या बघत होत्या. आधी कात्री. चाचणीत असं होतं की कागद द्यायच्या आधी पोरानं रिकामी कात्री उघडझाप करून दाखवायची. एकही पोरगं करीना. कात्री हातात धरून सगळी गप. विद्यार्थ्यानं सगळ्यांना शून्य लिहायला घेतलं. मॅडमनी त्याचा हात धरला. का रे करत नाहीत, म्हणून पोरांना विचारलं. पोरं खाली बघायला लागली. शेवटी माझी माय ओट्यावरून बोलली, "बाई, रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं लागतात. कोणतं पोरगं वाजवंल?"

मॅडमनी लगेच कागद दिला. पोरांनी टराटर कापला. आमच्या शेजारच्या पोरीनं तर विद्यार्थ्याच्या पिशवीचा बंद पण कापला.

मग एका पायावर उभं राहायचं. पोरांना सांगितलं आणि सगळ्यांनी पाय उचलायच्या आधी दोन्ही कान धरले. का? गुरुजी शिक्षा देतात ती अशीच. एका पायावर उभा राहा म्हणलं की कान धरायचेच, असं पोरांच्या डोक्यात बसलेलं. आता हात कानाला, तर तोल कशानं सावरायचा? भराभर पडायला लागली. आणि माझी माय हसायला लागली. मॅडमना म्हणाली, "ह्याच्या बापाचे दोन पाय एका जागी टिकत न्हाईत. सुरत झालं, हैदराबाद झालं, आता मोरबी. आन् तुम्ही लेकराला एका पायावर उभं करायलाव."

सगळे हसले. मॅडम पण. पण हसता हसता त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्यांदा विद्यार्थ्याला सांगितलं, आधी ही शिक्षा नाही म्हणून सांग, मग स्वतः उभं राहून दाखव, हात मोकळे ठेव. पोरं उभी राहिली की.

मग माधवची पाळी. नाणी डब्यात टाकायची. विद्यार्थ्यानं विचारलं, तू कोणत्या हातानं काम करतोस? माधवनं उजवा दाखवला. उजव्या हातानं टाकायला लागला. नाणं फटीत जाईना. एक पडलं, दुसरं पडलं. मला वाटलं, संपलं.

सुनीतानं चहा केला, सगळे चहाला बसले. माधव उठून घराच्या मागं गेला, शेळीजवळ. थोड्या वेळानं मॅडम कप घेऊन उठल्या आणि कोपऱ्यावरून हळूच बघायला लागल्या. मला हातानंच बोलावलं. माधव भोवऱ्याला दोरी गुंडाळत होता. एकाला एक लागून, घट्ट, कुठं सैल नाही. डाव्या हातानं. भोवरा फेकला तो पण डाव्या हातानं.

मॅडम माझ्या मायला म्हणाल्या, "मावशी, माधव डावरा आहे का हो?"

माय म्हणाली, "न्हाई हो बाई. घरात हाय थोडा. चारचौघात न्हाई."

हे ऐकून तुम्ही हसता, मॅडम पण लई हसल्या. पण आमच्याकडं असंच आहे. पाव्हण्याच्या हातून काही घ्यायचं तर उजव्या हातानं. डावा पुढं केला की माय हातावर चापट मारायची. पोरगं शिकलं. पाव्हणे आले की डावा हात मागं. आता तपासणीवाले म्हणजे पाव्हणेच ना? पोरानं मान राखला आणि नंबर घालवला.

मॅडमनी मायला दुकानातून साखर आणायला पाठवलं. साखर घरात होती. ती गेल्यावर माधवला जवळ घेऊन म्हणाल्या, डाव्या हातानं घे, मला चालतं. पोरानं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्यानं अशी नाणी टाकली म्हणता, टपाटप. एक पण बाहेर नाही.

मी तिथंच ओरडलो, "झालं की मॅडम! फाडून टाका तो कागद."

लोकहो, इथं मॅडमच्या जागी दुसरं कुणी असतं तर गोष्ट इथंच संपली असती. मी पण सगळ्यांना तेवढीच सांगितली असती. पण मॅडम म्हणाल्या, थांब, चेंडू राहिलाय.

आता मी सावध होतो. माधवच्या पायात मोरबीहून आणलेले बूट होते. वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घेतलेले. पाव्हणे येणार म्हणून सुनीतानं घातलेले. मीच म्हणालो, बूट काढा. मॅडम म्हणाल्या, बरोबर बोललास. बूट काढले. हात मोकळे. शिक्षा नाही. माय दुकानात. सगळं पोराच्या बाजूनं.

तरी चेंडू झेलता येईना. जमिनीवरच्या रेघेवरून चालताना तोल राहीना, सारखा जातच होता. मॅडमनी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्या. पोरांबरोबर लगोरी लावली, लंगडी खेळायला लावली. दोन विद्यार्थ्यांना दोन कोपऱ्यात उभं केलं, एकमेकांचं बघायचं नाही म्हणून. सुनीताला वेगळं बसवून विचारलं, घरात पडतो का, पायऱ्या कशा उतरतो. चाचणीत दिसलं ते खेळात दिसलं, खेळात दिसलं ते सुनीता बोलली. दोन्ही विद्यार्थ्यांचं एकच आलं.

मॅडम मला म्हणाल्या, हाताचं खोटं होतं. तोल आणि चेंडूचं खरं आहे.

मी भडकलो. म्हणालो, "कात्री चाचणीची चूक, कान चाचणीची चूक, डावा हात चाचणीची चूक. मग हे बी तिचीच चूक काढा की. तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

त्या म्हणाल्या, "नागनाथ, तुला पाहिजे तेवढंच खरं निघावं म्हणून मी तपासत नाही."

आवाज वाढवला नाही. समजावलं पण नाही. उठल्या आणि तशाच शाळेत गेल्या. मी मागं गेलो. हेडसर म्हणाले, कागदावर आहे ते आहे. मॅडम म्हणाल्या, ह्यातलं कोणतं ग्राह्य नाही ते मी सही करून देते, आणि कोणतं खरं आहे तेही देते. एवढ्यासाठी लेकराला घरापासून तोडायची गरज नाही. त्याला रोज सरावाची गरज आहे. हेडसरांनी सही केलेला कागद ठेवून घेतला. आणि माधवचं नाव गावच्या शाळेत लागलं.

सराव मॅडमनी सुनीताला शिकवला. आधी फुगा, मग कापडाचा चेंडू, मग खरा. वीट मांडून तिच्यावर चढणं, उतरणं. मी मोरबीहून फोनवर बघायचो. मधेमधे मॅडमचा पण फोन यायचा, पडला का, किती पडला. खोटं सांगितलं तर त्यांना कळायचं.

मागच्या दिवाळीत मी गावी होतो तेव्हा मॅडम परत तपासायला आल्या. बारीक झाल्या होत्या. मी विचारलं, तब्येत? म्हणाल्या, औशाचं पाणी बदललंय. आम्ही हसलो. आजार होता, ते मला आज इथं कळलं.

माधव आता मोठा झाला होता. मॅडमना बघून त्यानं डाव्या हातानं पेढा दिला. मायनं बघितलं आणि तोंड फिरवलं. चाचणी सुरू करायच्या वेळी मॅडमनी पेन आणि तक्ता सोबतच्या नव्या पोरीकडं दिला. त्या पोरीनं माधवला कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, मॅडम, तुम्हीच लिहा ना. तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मी विसरणार नाही.

"मला हा पोरगा आवडतो. म्हणून ह्याचे गुण मी नाही लिहिणार."

आणि खरंच तिकडं पाठ करून, शेळीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. चेंडू झेलला की पोरं ओरडायची, सुटला की गप व्हायची. मॅडमनी वळून बघितलं नाही. माधवनं काही झेलले, काही सोडले. त्या पोरीनं लिहिलं तसं आलं. आधीपेक्षा लई बरं. अजून थोडं कमी. मॅडमनी तेवढंच सांगितलं. वाढवून नाही, कमी करून नाही.

इथं सकाळपासून सगळे मॅडमना मोठं म्हणून राहिले. असतील. मला त्यातलं कळत नाही. आणि कळत असतं तरी मी बोललो नसतो. मला मॅडम आवडायच्या. म्हणून त्यांचे गुण मी नाही लिहिणार. मी फक्त बघितलं ते सांगितलं. माझं पोरगं आज रात्री त्याच्या मायजवळ झोपंल आणि उद्या सकाळी आपल्या गावच्या शाळेत जाईल, एवढं सांगितलं.

कॉलेजातल्या पोरापोरींनो, उद्या मॅडमची पिशवी तुमच्या खांद्यावर येईल. कुण्या गावात, नायगावात, हिमायतनगरात, एखादं लेकरू तुमच्यासमोर उभं राहील. शून्य लिहायच्या आधी थोडं थांबा. आणि जे खरं निघंल, ते बापाला आवडलं नाही तरी सांगा. बाप ओरडंल. मी पण ओरडलो होतो.

आता मॅडमसाठी थोडा वेळ शांत राहू. ज्यांना जमतंय त्यांनी उभं राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहा, त्यात काही कमी होत नाही. हात मोकळे सोडा.

मॅडम, नमस्कार.