दातांच्या डॉक्टरची दाढ

मंडळी, सरकून बसा, मागचे थोडे पुढे या. आज एक प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. दुसऱ्याचं दुखणं बरं करणाऱ्यानं आपलं दुखणं कुणाला दाखवावं? वैद्याला वैद्य लागतो की नाही? शहाण्याला शहाणपण कोण सांगणार? नुसत्या माना डोलावू नका. मान डोलवायला पैसे पडत नाहीत. ऐका तर!

वाई गावात एक डॉक्टर अविनाश बोकील. दातांचे डॉक्टर. हात इतका हलका, की माणूस दाढ काढून घ्यायचा आणि जिना उतरून पुन्हा वर येऊन विचारायचा — डॉक्टर, काढलीत ना नक्की? असा हा माणूस. पण स्वतःचे दात? कुणाला म्हणून कधी दाखवले नाहीत. का? भीती! तीही सुईची! आता दिवसभर सुई हातात धरणारा माणूस हा! पण सुईला दोन टोकं असतात, मंडळी. आपण कोणत्या टोकाला आहोत, त्यावर सगळं अवलंबून.

त्यांची उजवीकडची दाढ दिवाळीपासून ठणकत होती. लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, गणपतीला नारळ बोलले. देवाला सांगितलं, डॉक्टरला नाही सांगितलं! कारण काय, तर लोक म्हणतील — ह्याचीच दाढ किडली, हा आमची काय बरी करणार?

आणि ह्या माणसाला हौस कशाची, तर परिषद भरवायची. मोठी नव्हे हं. मोठ्या परिषदांवर त्यांचा राग. "हजार डॉक्टर येतात, फुकटची पिशवी घेतात, जेवतात आणि जातात," म्हणायचे. "परिषद कशी घरगुती हवी. दहा-बारा माणसं, गोल बसायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचं." अरे बाबा, तोंडाकडे बघून? मोठ्या परिषदेत शेवटच्या रांगेत सुजलेला गाल खपून जातो, गोलात कुठं ठेवशील तो? पण हौसेपुढे अक्कल चालत नाही. दवाखान्याच्या वरचा हॉल झाडला, सतरंज्या अंथरल्या, होळीनंतरचा रविवार ठरला. आणि विषय? 'रुग्णाची भीती कशी घालवावी!' पेटीवाले, हसा, पण सूर सोडू नका.

पाहुण्यांत मुख्य कोण, तर मिरजेच्या मगदूम मॅडम. बोकिलांना कॉलेजात शिकवलेल्या. एकदा वर्गात म्हणाल्या होत्या, "अविनाशचा हात चांगला आहे." त्या एका वाक्यावर ह्यांनी उभा दवाखाना चालवला होता. ह्या बाईंसमोर आपली फजिती होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवार उजाडला आणि दाढेनं उचल खाल्ली. गाल टम्म. पाहुणे जिना चढताहेत, आणि डॉक्टर खाली दार लावून आरशापुढे उभे — स्वतःच स्वतःला बधिर करायचं इंजेक्शन देणार! आता बघा हं. पेशंट समोर बसतो, त्याची उजवी दाढ डॉक्टरच्या डाव्या हाताला येते. उभ्या हयातीची हाताची सवय ती. पण आरशातला माणूस पेशंट नव्हे! तिथं उजवं उजव्यालाच. हात सवयीनं गेला, सुई बघवेना म्हणून डोळे मिटले, आणि टोचून मोकळे. दुखते उजवी, बधिर झाली डावी!

मग स्वागताचं भाषण. डावा ओठ लोंबतोय, उजवा गाल फुगलाय, चहाचा घोट घेतला तो सदऱ्यावर. "आफल्या फरिफदेत आफलं फागत," डॉक्टर म्हणाले. समोर दातांचे दहा डॉक्टर! त्यांना कळलं नसेल? पहिल्या शब्दाला कळलं. पण त्यांची एक रीत असते — बोलावल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटच्या तोंडात डोकावायचं नाही. आणि बोकील डॉक्टरांचा पेशंट कोण, तर बोकीलच! मग काय बोलणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी पानं मांडली. डॉक्टरांच्या पत्नी शैलाताई. त्यांना बिचाऱ्यांना सगळं ठाऊक. नवऱ्याची पंचाईत नको, म्हणून मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी आणि शिरा. आजाऱ्याचं पथ्य! साताऱ्याचे डॉक्टर बागवान म्हणाले, "वहिनी, आमचे दात अजून शाबूत आहेत बरं का." सगळे हसले. मगदूम मॅडमनी मात्र शिरा दोनदा मागून घेतला.

जेवणानंतर सगळे खाली दवाखान्यात, प्रात्यक्षिकाला. त्यासाठी एक पैलवान ठरवला होता. दांडगा गडी, दाराबाहेरच्या बाकावर बसलेला. डॉक्टर त्याला बोलवायला गेले. पैलवानानं तो गाल बघितला, तो ओठ बघितला, हनुवटीवरची लाळ बघितली. म्हणाला, "डॉक्टर, म्हशीची धार काढायची राहिली माझी." जो गेला, तो पुलापलीकडे दिसला.

आता आली का पंचाईत? यंत्रं मांडलेली, दिवा लावलेला, आणि पेशंट नाही. मगदूम मॅडम पदर खोचून उभ्या राहिल्या. "पेशंट नाही कसा? आहे की. अविनाश, बस खुर्चीत."

"मॅडम, मला काही झालेलं नाही."

"बस म्हटलं ना."

गुरूपुढे इलाज नाही. जन्मात पहिल्यांदा डॉक्टर आपल्या खुर्चीत आडवे झाले, आणि पहिल्यांदा त्यांना आपलं छत दिसलं. "शैला, एवढं मोठं जळमट कधीपासून आहे?" शैलाताई म्हणाल्या, "पहिल्यापासून. सगळे पेशंट सांगतात. तुम्ही त्यांना तोंड उघडं ठेवा म्हणता."

मॅडमनी सुई घेतली. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"ते खोटं आहे, मॅडम. मीच सगळ्यांना सांगतो ते."

"तुला ते मीच शिकवलंय."

डॉक्टरांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटलं. दोघांनी हनुवटी धरली, एकानं गुदगुल्या केल्या, तोंड काही उघडेना! आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. दातांतल्या दातांत म्हणाला, "मला भीती वाटते हो. आणि तुम्ही मला काय म्हणाल, त्याची जास्त वाटते."

कुणी हसलं नाही. बागवान खालच्या आवाजात म्हणाले, "माझी वरची दाढ दोन वर्षं हलतेय. भाकरी एकाच बाजूनं खातो." फलटणचे एक डॉक्टर म्हणाले, "थंड पाणी प्यालो नाही मी गेल्या उन्हाळ्यापासून." एकेक जण कबूल करत गेला. दहा डॉक्टर, आणि एकाचंही तोंड धड नाही!

तेव्हा मगदूम मॅडमनी काय केलं? तोंडात बोटं घातली, आणि खालची-वरची अख्खी कवळी काढून वाटीत ठेवली. बोळक्यानं म्हणाल्या, "मी मोठी प्राध्यापक. मी कुणाला दाखवणार, म्हणून कुणालाच दाखवलं नाही. हे बघ, काय राहिलं ते."

डॉक्टरांनी वाटीकडे बघितलं, शैलाताईंचा हात धरला, आणि तोंड उघडलं.

मग काय विचारता! भाषणं राहिली बाजूला. संध्याकाळपर्यंत एक खुर्चीतून उठतोय, दुसरा बसतोय, आणि ज्याची दाढ आत्ता भरली तो पुढच्याचा हात धरून उभा. विषयाचं उत्तर कुणी मांडलं नाही, पण मिळालं सगळ्यांना.

आता तुम्ही मनात म्हणताय, बुवा, बोकिलांची दाढ वाचली का? बघा! दुसऱ्याच्या दाढेची केवढी काळजी! नाही वाचली. दिवाळीत दाखवली असती तर वाचली असती. मॅडमनी ती काढून त्यांच्या हातावर ठेवली, आणि तो मोठा माणूस तळहातावरची दाढ बघत लहान पोरासारखा रडला.

मंडळी, तुम्ही घराघरांत सल्ला देणारी माणसं. शेजारच्या सुनेचं काय चुकतं, भावाचा संसार कुठं उसवला, सगळं तुम्हाला बिनचूक दिसतं. दुसऱ्याच्या तोंडात तुमचा दिवा लख्ख लागतो. पण तुमचं स्वतःचं जे आत ठणकतंय, ते कुणापुढे उघडलंत? देव सगळं जाणतो, म्हणाल. जाणतो ना! बोकिलांच्या गणपतीलाही माहीत होतं. देव माणसाच्या हातानं बरं करतो. तेव्हा नाव देवाचं घ्या, आणि घरी जाऊन एका माणसाला तरी सांगा — मला दुखतंय.