भरल्या पोटाची गोळी

नाय नाय ताई, त्या गोळ्या पाकिटातनं बाहेर नका काढू. असू द्या चमकीच्या कागदातच — डबीत कशाला भरताय? घरात कुणाला दिसंल म्हणून? व्हय, तेच असणार. माझी बायको चिमा पण तेच करायची. आमी इथलेच, नदीकाठच्या कातकरवाडीतले, पण दिवाळी झाली की पेणकडं वीटभट्टीवर जातो, जिते गावाच्या अलीकडं. तिथं हिला खोकला लागला, बेडका तपासला, टीबी निघाला. गोळ्या मिळाल्या — ह्याच, तांबड्या. आता भट्टीवर कुणी पाकीट ओळखलं असतं तर शेजारच्या खोपीतल्या बायांनी हिला पाण्याच्या पिंपाला हात लावू दिला नसता. म्हणून हिनं सगळ्या सोलल्या नि कुंकवाच्या डबीत भरल्या. डबी कुठं? हंड्यामागं, कुडात खोचलेली — जिथं सदा ओल.

पण एक दिवससुद्धा चुकली नाय हां. माझ्यासमोर गिळायची, चहा-भाकरीबरोबर, कारण नुसती घेतली की ओकायची. तरी खोकला हटंना, अंग वाळत चाललेलं. इकडं परत आलो तर ज्यानं त्यानं तिलाच बोल लावला — ही फेकत असंल गोळ्या. ती बसली खाली मान घालून. मग ह्या दवाखान्यातल्या सुरभी डॉक्टर — चांगल्या हायेत, तुमाला पण त्याच बघतील — त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, लघवी तांबडी होते का? ही गोळी अंगात भिनली की होतेच. चिमा लाजली. म्हणाली, आधी व्हायची, आता नाय होत. मग ठेवतेस कुठं, घेतेस कशाबरोबर, सगळं विचारलं, डबी मागवून बघितली. गोळ्या फुगलेल्या, डाग पडलेल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध तेच हाय, पण गोळीला ओल लागली की पोटात नीट विरघळत नाय, त्यात वरनं भाकरी — मग रगतात उतरतं थोडंसंच. नि थोड्या औषधानं जंतू मरत नाय, निबर होतो.

मग नव्या पाकिटातल्या दिल्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, नंतर बराच वेळ काय खायचं नाय. चिमा हसली तेव्हा — बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "उपाशी राहायचं व्हय? ते तर आमाला येतं." ओकारी आली तरी दात दाबून बसायची. नि लघवीला रंग आला परत! दगडावर तांबडं दिसलं तर तिनं मला हाक मारून दाखवलं. लोक सोनं बघतात तसं आमी ते बघत उभे. पण उशीर झाला होता. बेडका मोठ्या तपासणीला गेला नि सांगणं आलं, जंतू आता ह्या गोळीला जुमानत नाय.

मग दुसऱ्या गोळ्या आल्या. ह्यांचं सगळं उलटं — त्यातली एक भरल्या पोटी घ्यायची, तेलातुपाचं खाऊन, तरच अंगात भिनते. उपाशी घेतली तर बरीचशी वाया. बाईंनी नीट समजावलं, त्यांचं काय चुकलं नाय. पण चिमाला आता दोन घास उतरत नाय ताई. भूकच मेली तिची. आयुष्यभर भूक होती तवा ताटात नव्हतं, नि आता…

ताटात असतं आता. आमची पोरगी करिश्मा आश्रमशाळा सोडून घरी आली. सकाळी उठून आईला तेलात अंडं तळते, भात करते, ताट पुढं ठेवते नि पाण्याला जाते. ती जाते तवा मी खातो ते. नाय, चिमा नाय खात — मी खातो. भराभरा खातो. पोरगी येते, ताट रिकामं बघते, म्हणते, आये, आज सगळं संपवलंस! नि हंडा उतरवताना गुणगुणते. तेवढ्यासाठी खातो.

गोळ्या? गोळ्या… चिमानं हात धरला माझा. म्हणाली, "पुरे आता. पोरीला नको सांगू." तवापासनं गोळ्या मी नदीत सोडतो. इथं विचारतात घेते काय, मी म्हणतो घेते. आज पण न्यायलाच आलोय. नाय नेल्या तर करिश्मा अंडं कुणासाठी तळंल?

असं बघू नका. तुमची तर सुरुवात हाय, तुमाला येईल गुण. — कुणाला सांगाल? त्या बाईंना? त्या येतील वाडीवर, परत समजावतील, चिमा परत ओकंल… तुमाला आत बोलावतायत. नाव तुमचंच घेतलं ना? मग बसलाय काय. उठा. जा.